मंत्र्यांनी नाव विचारलं तेव्हा

कुंदा,

भेटायला येणारे लोक संत्री घेऊन येतात. आंबिया बहाराची तोड सुरू आहे, ज्याच्या त्याच्या ओसरीवर टोपल्या आहेत, मग रिकाम्या हातानं कोण येईल? तुझ्या आजारपणात या घरात संत्र्याला बंदी होती. किडनी गेलेल्या माणसाला संत्रं चालत नाही, हे सौंसरच्या बायकांना कधी पटलंच नाही. "अव बाई, फळानं कोणाचं वाईट होते का?" असं म्हणत त्या पिशवी ठेवून जायच्या. त्या गेल्या की तू त्यातलं एक उचलायचीस, नखानं साल जराशी खरवडायचीस, वास घ्यायचीस आणि मला म्हणायचीस, "न्या आता दुकानात, वाटून टाका." आता कोपऱ्यात संत्र्यांचा ढीग झाला आहे आणि मना करणारं कोणी नाही. मी अजून एकही सोललेलं नाही.

आज लिहायला बसलो तो आपल्या भांडणाबद्दल. तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. लोधीखेड्याच्या शाळेतले तुझे सोबती आले होते. म्हणाले, बाई कधी कोणाशी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. मी मान हलवली. त्यांना काय सांगू, की दिल्लीहून परत आल्यापासून आपण दोघं एकाच गोष्टीवर भांडत होतो, जेवताना, बसमध्ये, दवाखान्याच्या जिन्यात! तू भांडतेस हे बाहेर कोणाला कळलं नाही, कारण तू भांडतानासुद्धा वर्गात शिकवल्यासारखी बोलायचीस. मीच तेवढा ओरडायचो.

तुझा प्रश्नांवर फार विश्वास. माझं पुस्तक-कापीचं दुकान असल्यामुळं मी तुझ्या शाळेत सामान पोचवायला यायचो, तेव्हा एका शनिवारी तुझी बालसंसद पाहिली होती. पोरांनी पंतप्रधान निवडलेला, मंत्री निवडलेले. दोन वेण्यांची एक मुलगी आरोग्यमंत्री होती आणि मागच्या बाकावरचं एक पोरगं तिला विचारत होतं, पाण्याची टाकी कधी धुणार? ती म्हणाली, "धुणार आहोत." सगळे बसले. तू खुर्चीतून म्हणालीस, "धुणार आहोत हा जवाब नाही. कोण धुणार, कोणत्या दिवशी, ते सांग. नाहीतर ठाऊक नाही म्हण, मी रागावणार नाही." त्या पोरीला रडू आलं. मला वाटलं, कुंदा जास्तच करते. पण सोमवारी टाकी धुतली गेली होती, आणि ती पोरगी स्वतः शिडी धरून उभी होती, असं तू घरी येऊन इतक्या आनंदानं सांगितलंस, की जेवण निवून गेलं.

पुढं तुझे पाय सुजायला लागले. तू रिटायर होऊन थोडेच दिवस झाले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी कागद पाहिले, आपल्याकडं पाहिलं आणि सांगितलं की आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, जन्मभर. डाव्या हाताची शीर जोडून तयार केली. त्या जागी बोट ठेवलं की आत पीठगिरणीचा पट्टा फिरावा तशी थरथर लागायची. मी काळजी करत होतो आणि तू म्हणालीस, "मी पांढुर्ण्याची आहे. गोटमारीच्या जत्रेत दगड उडताना पाहत मोठी झाली. सुईले काय भेऊ?"

आणि भ्याली नाहीसच. पण ती बस! मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सौंसरहून निघायचं, बोरगाव, सावनेर, नागपूर, चार घंटे त्या खाटेवर, आणि संध्याकाळी तीच बस उलटी. रक्त धुऊन निघालेलं माणूस उभंही राहू शकत नाही आणि तू त्या बसमध्ये दांडीला धरून बसायचीस. कंडक्टर ओळखीचा झाला, तुझ्यासाठी खिडकीची सीट राखून ठेवायला लागला. उन्हाळ्यात सगळी बस बाटल्यांनी पाणी प्यायची आणि तुझ्याजवळ एका छोट्या डब्यात बर्फाचे खडे, तेही मोजकेच चघळायचे. येणारे दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा मंगळवार.

आणि घरापासून जवळच एका सरकारी दवाखान्यात मशीन होतं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तूही लिहिलं नव्हतंस. तू स्वतः जाऊन पाहून आली होतीस. खोली होती, खाट होती, एसी होता, मशीन होतं. चालवणारं माणूस नव्हतं. मशीनवर फुलाफुलांची चादर टाकलेली होती. "लेकरू निजवल्यासारखं झाकून ठेवलं आहे हो," असं तू म्हणालीस आणि हसलीस. मला हसू आलं नाही.

नागपूरच्या वॉर्डात तुझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी मावशी असायची. तिचा भाचा वऱ्हाडकडचा खासदार आहे हे आपल्याला तो भेटायला आला तेव्हा कळलं. पांढरे कपडे, मागं दोन माणसं, सगळ्या नर्सा उभ्या. तो मावशीशी बोलून निघाला आणि तू, हातात सुया टोचलेल्या, पडल्या पडल्या हाक मारलीस.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा न बाई."

"आमच्या तिकडं मशीन आहे अन् चालवणारा नाही. असे देशात किती ठिकाणी असन, हे तुम्ही संसदेत आरोग्यमंत्र्यायले विचारलं कधी?"

तो थांबला. खोटं बोलला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, "नाही विचारलं. तुम्हीच लिहून द्या, काय विचारायचं ते."

आता कोणीही समजलं असतं की हे बोलायचं म्हणून बोलणं आहे. तू मात्र पुढच्या खेपेला प्रश्न लिहून तयार होतीस, फळ्यावरच्या अक्षरात, हिंदीत. भांडणाचं बीज तिथंच पडलं, प्रश्न लिहितानाच. मी म्हणालो, "आपल्या दवाखान्याचं नाव टाक त्यात."

"नाही."

"अव, कायले नाही? बसनं हाडं कोणाची मोडून राहिली?"

"माझी. म्हणूनच नाही टाकत." तू चष्मा काढून माझ्याकडं पाहिलंस. "स्वतःसाठी मागितलं का तो अर्ज होते. सगळ्यायसाठी विचारलं तं तो प्रश्न होते. अर्जावर मेहरबानी करता येते. प्रश्नाले जवाब द्यावा लागते."

मला वाटलं, जाणार आहे कुठं हा कागद? त्यांच्या गाडीत पडून राहील. पण हिवाळ्यात फोन आला. खासदारांच्या सेक्रेटरीचा. प्रश्न लागला होता, आणि तोंडी उत्तराच्या यादीत लागला होता. तू मला समजावून सांगितलंस की लेखी उत्तराचे प्रश्न वेगळे, हा तारांकित आहे, याला मंत्री सभागृहात उत्तर देतात. "म्हणजे उभं राहून," तू म्हणालीस. स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा बाहेर आलीस आणि परत म्हणालीस, "उभं राहून, बरं का."

मग दिल्ली. पुण्याहून अमोल फोनवर रागावला, "आई, टीव्हीवर दिसते न सगळं." तू त्याला म्हणालीस, "टीव्हीवर तोंड दिसते. मले तिथी बसून ऐकायचं आहे." डॉक्टरांनी शुक्रवार ते मंगळवारच्या मधल्या मोकळ्या दिवसांत जायची परवानगी दिली, तीही डोळे मोठे करून. शनिवारी पांढुर्ण्याला तुझ्या भावाकडं गेलो. भावजयीनं बिनमिठाच्या पोळ्या बांधून दिल्या आणि स्टेशनवर तुझ्या अंगावर स्वतःची शाल टाकली. गाडीत तू लहान मुलीसारखी खिडकीशी बसली होतीस. त्या रविवारी दिल्लीत आपण काही पाहिलं नाही. लॉजच्या खोलीत तू पडून होतीस आणि सोमवारी कोणती साडी नेसायची त्यावर विचार करत होतीस. शाळेच्या पंधरा ऑगस्टची ती पांढरी, निळ्या काठाची नेसलीस.

संसद भवनात तपासणीच्या जागी बायकांच्या रांगेत एका शिपाईणीनं तुझा डावा हात चाचपला आणि चटका बसल्यासारखा सोडला. "ये क्या है, माताजी?" तू म्हणालीस, "खून है बेटा, दौड़ रहा है." ती तुला धरून जिन्यापर्यंत सोडायला आली.

वर गॅलरीत नियम सांगितले. बोलायचं नाही, उठायचं नाही, कठड्यावर वाकायचं नाही. खाली इतका गोंधळ होता की वर आपण बोललो असतो तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. कसल्यातरी दुसऱ्याच विषयावर काही सदस्य पुढं येऊन उभे होते, कोणी कागद हलवत होतं, अध्यक्ष बसा बसा म्हणत होते. घड्याळ पुढं सरकत होतं. तू माझ्या कानाशी आलीस आणि विचारलंस, "या वर्गाचे मास्तर कुठी गेले?" पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. तूही ठेवलंस, त्याची माफी मागितल्यासारखं. मी मनात हिशेब करत होतो की आपला प्रश्न येणारच नाही. आदल्या प्रश्नावर एकेक जण उठून बोलतच होता. आणि मग एकदम तो आला. प्रश्नोत्तराचा तास संपायला आला होता. अध्यक्षांनी खासदारांचं नाव घेतलं आणि तू पदर खांद्यावर घेतलास.

आरोग्यमंत्री उभे राहिले. मला ते वाईट माणूस वाटले नाहीत. वय झालेलं होतं, चष्मा नाकावर घसरत होता. ते म्हणाले, "महोदय, उत्तर सभा पटल पर रख दिया गया है." आणि खाली बसले.

एवढंच. मी तुझ्याकडं पाहिलं. रीत अशीच असते, उत्तर आधीच छापून ठेवलेलं असतं, हे तुला ठाऊक असणारच. तू पोरांना शिकवलं असशील. तरी तुझा चेहरा मी पाहिला. एवढ्या लांबून एक वाक्य ऐकायला आलेल्या बाईचा चेहरा होता तो.

मग खासदार उपप्रश्नाला उभे राहिले, आणि कुंदा, तो माणूस चांगला बोलला. मशीन आहे आणि चालवणारा नाही, ही तुझीच वाक्यं. चादरीची गोष्टसुद्धा त्यानं सांगितली आणि सभागृह क्षणभर शांत झालं. मंत्री पुन्हा उठले. योजना सांगितली, प्रशिक्षण सांगितलं, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे हे सांगितलं. मग कागद खाली ठेवून, चष्मा वर करून म्हणाले, "माननीय सदस्य के ध्यान में कोई विशेष स्थान हो तो नाम बता दें. मैं स्वयं दिखवाता हूँ."

नाव विचारलं त्यांनी. भारताच्या आरोग्यमंत्र्यांनी उभं राहून नाव विचारलं.

खासदार थोडं थांबले. त्यांना आपलं ठिकाण ठाऊक होतं, तू वॉर्डात सांगितलं होतंस. मग त्यांनी नाव घेतलं, त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघातल्या एका तालुक्याच्या गावाचं. मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या बाजूला पाहिलं, तिथं कोणीतरी लिहून घेतलं.

मी उठलो होतो. केव्हा उठलो ते मला कळलं नाही. आपल्या दवाखान्याचं नाव माझ्या जिभेवर होतं, पुढं नुसता आवाज लावायचा राहिला होता. आणि तू माझं मनगट धरलंस. डाव्या हातानं. ज्या हातानं पाण्याचा लोटाही उचलायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्या हातानं तू मला खाली ओढलंस. पहारेकरी आलाच, "बैठिए, बाबूजी." मी बसलो. खाली अध्यक्षांनी तास संपल्याचं सांगितलं.

बाहेर ऊन होतं आणि थंडी होती. रस्त्याच्या कडेला एका टपरीवर मी चहा सांगितला, तुला तुझ्या वाटणीचा अर्धा कप. मी कपाला हात लावला नाही.

"कायले थांबवलं तू मले?"

"तिथी बोलता येत नाही आपल्याले."

"एक शब्द होता कुंदा! फक्त नाव घ्यायचं होतं!"

"तुम्हाले पकडून नेलं असतं. अन् गॅलरीतला आवाज नोंदीत येत नसते. तिथी प्रश्न प्रतिनिधीनं विचारायचा असते."

"मरणारी तू अन् विचारणार तो?"

टपरीवाला आपल्याकडं पाहायला लागला. तू चहा फुंकत होतीस. "तो त्याच्या लोकायसाठी बोलला. त्याचं तेच काम आहे. त्यानं कोणतं खोटं गाव सांगितलं? तिथंही माणसंच मरून राहिले असतीन."

त्या दिवसापासून ते भांडण संपलं नाही. मंगळवारी बस बोरगावच्या पुढं गेली, तुला मळमळायला लागलं, की मी म्हणायचो, "आज घरी जेवली असती तू." शुक्रवारी परत येताना तू डोळे मिटून पडलीस की मी मनातल्या मनात ते नाव पुन्हा घ्यायचो. उन्हाळ्याच्या तोंडाशी खासदारांच्या त्या गावातून एका माणसाचा फोन आला. कुठून तरी तुझा नंबर मिळवला होता. म्हणाला, बाई, आमच्याकडं मशीन सुरू झालं, माझी बायको पहिली बसली, साहेबांनी सांगितलं की सवाल तुमचा होता. तू फोन स्पीकरवर टाकून मला ऐकवलंस. नंतर तू शिरा केलास, स्वतःला चालत नसताना. मी ताट तसंच ठेवून दुकानात निघून गेलो. तू मागून म्हणालीस, "त्यायचं झालं न!" दाराशी मी म्हणालो, "आपलं काय?" तेवढ्या एका प्रश्नाला तू कधी जवाब दिला नाहीस.

पण तू बसलीही नव्हतीस. भोपाळला लिहिलंस, पुन्हा दिल्लीला लिहिलंस, खासदारांच्या सेक्रेटरीला फोन करत राहिलीस. तो आधी उचलायचा, मग वेळ मिळाला की करतो म्हणायचा, मग उचलायचा नाही. तू म्हणायचीस, "कामात असन." पांढुर्णा जिल्हा झाला होता तेव्हा तू माझी थट्टा केली होतीस की आता मी जिल्ह्याच्या ठिकाणची, तुम्ही तालुक्याचे. या वर्षी ती थट्टाही कमी झाली. बोलताना दम लागायचा. तरी प्रश्नोत्तराचा तास लागला की टीव्हीचा आवाज वाढवायचीस, आणि कोणी मंत्री नीट बोलला की म्हणायचीस, "याले पैकीच्या पैकी."

आता मी त्या संध्याकाळबद्दल सांगतो. दिवाळीच्या आधीची गोष्ट. आपण नागपूरहून परतत होतो, तुझं डोकं काचेला टेकलेलं होतं, बाहेर कपाशी फुटून पांढरी झाली होती. मी काही बोललोही नव्हतो. तुला माझं गप्प बसणंही ऐकू यायचं. तूच सुरुवात केलीस.

"तुम्ही अजून तेच विचार करून राहिले का?"

"मंग काय करू?"

तू पदर अंगाभोवती ओढून घेतलास. मला वाटलं झोपलीस. मग डोळे न उघडता म्हणालीस, "माझ्या जागी तुम्ही बिमार असते न, तं मी ओरडली असती."

मी तुझ्याकडं वळलो. "काय म्हणाली?"

"तिथी. गॅलरीत. तुमच्यासाठी असतं तं मी ओरडली असती. नेलं असतं धरून तरी."

"मंग मले कायले..."

"माझ्यासाठी कसं ओरडू देऊ तुम्हाले?"

तेवढ्यात बस बोरगावला थांबली. कारखान्यातले लोक चढले, दांडीला लोंबकळले, एक बाई दोन पिशव्या घेऊन तुझ्या सीटशी उभी राहिली. तू सरकून तिला टेकायला जागा दिलीस. ती तुझ्याशी बोलायला लागली, तू हूं हूं म्हणत राहिलीस. मी ठरवलं की घरी जाऊन बोलू. घरी तू न जेवता झोपलीस. दुसऱ्या दिवशी अमोलचा फोन, दुकानात दिवाळीची गर्दी. मंगळवारी नागपूरला खाटेवर तुझा श्वास अडकला, तुला वरच्या मजल्यावर नेलं. मला बाहेर बसवलं. तिथून तुला घेऊन आलो ते बसनं नाही.

मला बसमध्ये तुला जे म्हणायचं होतं ते आज म्हणतो. गॅलरीत मी उठलो तो तुझ्यासाठी उठलो नव्हतो, कुंदा. तू तर शांत बसली होतीस, तुला तुझं उत्तर मिळो न मिळो, तू तुझं काम करून आली होतीस. मी माझ्यासाठी उठलो होतो. मला हे घर दिसलं होतं, आता आहे तसं. सकाळी उठून दोन कपांचं आधण ठेवणारा माणूस दिसला होता. हे तुला त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर तू मला म्हणाली असतीस, मग तो अर्ज झाला, प्रश्न नाही. आणि मी म्हणालो असतो, हो, अर्जच होता. एवढं झालं असतं तर आपलं भांडण मिटलं असतं. एवढंच राहिलं होतं ग.

तुझ्या तेरवीनंतर थोड्या दिवसांनी बसचा तो कंडक्टर दुकानात आला. कापी घ्यायला आलो म्हणाला, पण घेतली नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "काकाजी, आपल्याकडचं मशीन सुरू झालं म्हणते. बाहेरून एक पोरगी आली चालवायले." मी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.

तुझ्या प्रश्नामुळं झालं का? मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वरून ऑर्डर आली, का आली ते आम्हाला कुठं कळतं. मी त्यांना तुझं नाव सांगितलं नाही. तुझ्यामुळं झालं असं मी कोणाला सांगत नाही, तू असतीस तर मला सांगू दिलं नसतंस. पण तुझ्यामुळं झालं नाही, असंही मला कोणी सांगू शकत नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी प्रयत्न केला. त्या माणसाच्या फोनच्या वेळी तुला जसा झाला होता तसा मला होत नाही. तू माझ्यापेक्षा मोठ्या मनाची होतीस, हे काही आज कळलं असं नाही. जिवंतपणी म्हणालो नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "उदाहरण द्या."

मंगळवार आला की मला काय करावं कळत नाही. जाग त्याच वेळी येते. गेल्या मंगळवारी मी आंघोळ केली, कपडे घातले, बस स्टँडपर्यंत गेलो. नागपूरची बस लागलेली होती. तिच्यात चढलो नाही. दुसऱ्या गाडीनं त्या जवळच्या दवाखान्यात गेलो. फार वेळ लागला नाही. इतकं जवळ होतं ते.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मशीनवर चादर नव्हती, हिरवे आकडे चमकत होते. खाटेवर एक माणूस पडला होता, त्याचे पाय तेवढे मला दिसले, शेतात राबलेले पाय. चालवणारी पोरगी त्याला विचारत होती, काका, थंडी तं नाही वाजून राहिली? बाहेरच्या बाकड्यावर एक बाई एकटीच बसली होती, मांडीवर डबा, बाजूला पिशवी. बोरगावकडची असावी. पहिल्यांदाच आली असावी, सारखी दाराकडं पाहत होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "भाऊजी, तुमचं कोण आहे आतमंधी?"

ठाऊक नाही असं म्हणायची सोय असते, तूच पोरांना सांगायचीस, पण इथं तेही लागू नव्हतं. मी नुसतं म्हणालो, "होती."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पिशवी उचलून आपल्या पायाशी घेतली आणि बाकड्यावर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "चार घंटे लागते म्हणते."

मी बसलो.